हालिनाच्या हातून पडलेलं पातं

हालिना गोझेलाकच्या हातून तीस वर्षांत एकही पातं पडलं नव्हतं. हे अमेरिकेतल्या न्यू ब्रिटन गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं, कारण ती स्वतःच सांगत फिरायची.

लढाऊ विमानांच्या टर्बोफॅन इंजिनांना लागणारी बदली पाती तिच्या कारखान्यात घडत. आतलं जुनं पातं झिजलं की त्या जागी हे नवं, बोटाएवढं. शेवटचा हात हालिनाचा. कडेवरून ती नख फिरवायची आणि नख अडकलं की पातं परत. तपासणीचं यंत्र सहसा तिच्या नखाशी वाद घालत नसे.

पातं जमिनीवर पडलं, की ओरखडा असो वा नसो, लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं, हा कारखान्याचा कायदा. वरून धडधाकट दिसलं तरी आत केसाएवढी चीर असू शकते. आणि ज्याच्या हातून पडलं त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी पोंचकी, म्हणजे मुरंबा भरलेले पोलिश डोनट, आणायची, हा कामगारांचा रिवाज. दुसऱ्याची पोंचकी खाताना हालिनाच्या जिभेला विशेष धार चढे.

"काय रे वेंडेल, हात भाड्याने आणलेस का?" पाती घासणाऱ्या पन्नाशीच्या वेंडेलला ती विचारायची, आणि सगळे खिदळायचे.

येत्या सोमवारी तिचा सत्कार होता. तीस वर्षं, एकही पातं न पाडता! निळा झगा शिवून तयार होता, शिकागोहून बहीण निघणार होती.

आणि गुरुवारी सकाळी तिला सणसणीत शिंक आली. पातं निसटलं, जमिनीवर टणकन आपटलं. यंत्रांच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही. तिने ते उचललं, तीनदा नख फिरवलं. गुळगुळीत. इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप ट्रेमध्ये ठेवून दिलं.

पुढची दोन पाती तिने तपासली खरी, पण ती कशी होती ते तिला सांगता आलं नसतं. तिला चक्क रडू आलं.

"मेलं माझं नाक!" म्हणत तिने ते पातं उचललं, लाल चिठ्ठी लिहिली आणि मुकादम डगपुढे ठेवली.

"कुणी पाहिलं?" डगने हळूच विचारलं.

"कुणीच नाही."

"मग हे येत्या मंगळवारी पडलं असं धरू. सत्कार तरी होऊन जाईल."

"पडलंय आज. चिठ्ठीवर तारीखही आजचीच आहे."

शुक्रवारी ती दोन खोके पोंचकी घेऊन आली. टोमणे झेलायची तयारी करून आली होती, पण कुणी एक शब्द काढेना. तिला थोडं वाईटच वाटलं. मग वेंडेल पुढे आला. त्याने पोंचकीला हात लावला नाही.

"हालिना, तिसऱ्या ट्रेमधलं कडेचं पातं काढून ठेव. माझ्या हातून पडलंय."

"कधी?"

"सोमवारी."

"अरे मेल्या, मग चार दिवस तोंडात काय धरून बसला होतास?"

"तुझ्या जिभेला भ्यालो, दुसरं काय!"

या वेळी कुणी खिदळलं नाही. हालिनाने हातातली पोंचकी खाली ठेवली. तीस वर्षांत किती जण असेच भ्याले असतील, हा हिशेब तिच्याने पुरा होईना.

"आणखी कुणाचं पडलंय?" तिने विचारलं. "मी काही बोलणार नाही."

दोन हात वर झाले. जरा वेळाने तिसरा झाला, तो डगचा होता.