जोशीसरांवरचा आळ

राहुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही तिघं मोबाईलवर, एका वेबसाइटवर बुद्धिबळ खेळतो. मी, शनिशिंगणापूरचा कारभारी आणि गणिताचे रिटायर्ड जोशीसर. त्या वेबसाइटच्या सपोर्टवाल्यांशी इतके खटके उडालेत, की नुसतं 'सपोर्ट' ऐकलं तरी माझं डोकं तापतं!

पहिला अडकला कारभारी. पासवर्ड विसरला. चॅटवर सांगितलं, नवा टाका. आठ अक्षरं, एक आकडा, एक चिन्ह. चारदा टाकला, चारदा 'पासवर्ड कमकुवत आहे'. कारभारी उखडला. त्यानं लिहिलं, "आमच्या घराला दार न्हाई, अन् तुमच्या सोंगट्यांना एवढी कुलपं कशाला?"

लगेच उत्तर! "ही माहिती उपयोगी पडली का? हो किंवा नाही निवडा."

*

मग माझी पाळी. ओळख पटवायला आधार मागितलं. माझ्या आधारवर 'अहमदनगर', त्यांच्या यादीत 'अहिल्यानगर'. म्हणे, पत्ता जुळत नाही. मी तीनदा कळवलं, जिल्ह्याचं नाव बदललंय, मी आहे तिथंच आहे.

उत्तर आलं, "स्थलांतराचा पुरावा जोडा."

अरे, कोण हललंय? मी की जिल्हा?

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एके दिवशी सरांचं खातंच बंद! कारण काय, तर 'आपला खेळ माणसाचा वाटत नाही. मशीनची मदत घेतल्याचा संशय आहे.'

ज्या माणसानं परीक्षेत सख्ख्या पुतण्याची कॉपी पकडली, त्याला हे कॉपीबहाद्दर म्हणणार? सरांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. चहा न पिताच उठले. पुढे चार दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत.

पाचव्या दिवशी मीच त्यांना घरून ओढून आणलं आणि हेल्पलाइनला फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' आणि वर संगीत. सहा वेळा कट! सातव्यांदा एक पोरगा बोलला, "सर, हे आम्ही नाही, सॉफ्टवेअरनं ठरवलंय."

सर म्हणाले, "मग त्याला फोन द्या!"

*

सरांनी सुंदर इंग्रजीत दोन पानी तक्रार लिहिली. मी स्कॅन करून पाठवली. मिनिटभरात मेल आला, "आपल्या कौतुकाबद्दल मनापासून आभार!"

कारभारी म्हणाला, "सर, तुमी शिव्या लई सभ्य घातल्या. त्यांना कळल्याच न्हाईत."

*

मग मी रोज एक मेल टाकायचा सपाटा लावला. शेवटी कंटाळून त्यांनी तोडगा काढला. "व्हिडिओ कॉलवर आमच्या माणसाशी एक डाव खेळा, हात आणि चेहरा दोन्ही कॅमेऱ्यात दिसू द्या."

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. झेरॉक्स मशीनवर पट मांडला. मोबाईल मी धरला, कारभारी श्वास रोखून मागं उभा. समोर सपोर्टची एक मुलगी. तिसाव्या खेळीच्या आत तिच्यावर मात!

ती म्हणाली, "एक मिनिट सर, मी सिनिअरना बसवते."

सिनिअर टाय लावून बसले. त्यांचा वजीर लवकरच गेला, मग दोन्ही हत्ती, मग राजा. त्यांनी घसा खाकरला. "सर, काही शंका उरली नाही. तुमचं खातं आत्ता चालू करतोय."

सर सोंगट्या पुन्हा मांडत होते. मान वर न करता म्हणाले, "ते करा सावकाश. तुमच्या वर अजून कुणी आहे का?"