लोटननं लावलेलं दार

मी शालिग्राम. जळगावात घेवरचंदशेठच्या दुकानात साड्या उलगडून दाखवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे माणूस कोणत्या पोताचा हे मला चटकन कळतं. लोटन एसी मिस्त्री अस्सल होता. शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. मशीनला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा आणि आतलं दुखणं सांगायचा.

अडुसष्टच्या मे महिन्यात शेठनं दोन एसी आणि काचेचं दार बसवून घेतलं. दार मात्र सताड उघडं. आठ दिवस झाले तरी आम्ही घामाघूमच. लोटन रोज सायकल हाणत यायचा, जाळ्या धुवायचा आणि तेच सांगायचा, "शेठ, मशीन ठणठणीत आहे. दार लावा."

"दिवसाढवळ्या दुकानाचं दार लावू? घरात कोणी वारलंय का? लक्ष्मी यायची कुठून?"

शेठपुढे शहाणपण चालत नसे. त्यांनी मशीन परत न्यायला सांगितलं. लोटनचा मालक रुपचंद त्याला म्हणाला, "मशीन परत आलं तर तू कामावर येऊ नकोस." नुकतंच लग्न झालेलं पोराचं. मला शेठचा असा राग आला की काय सांगू, पण साड्यांच्या घड्या घालत राहिलो. पोट मलाही होतं.

दुसऱ्या दिवशी लोटन मशीन उतरवायला आला, तेव्हा शेठच्या आई पानबाई उंबऱ्याच्या आत दिवा लावत होत्या. दहा वाजताच झळा सुटलेल्या. दिवा दोनदा विझला. लोटननं दार ओढून घेतलं. तिसऱ्यांदा लावलेली ज्योत हलली नाही.

"अक्का," तो म्हणाला, "लक्ष्मी आली की दार उघडूच. पण आलेली टिकवायला आडोसा नको?"

पानबाई हसल्या. "घेवर, खरं बोलतोय तो. दार राहू दे लावलेलं. उघडायला तू बस."

आईपुढे शेठचं काय चालणार! बसले स्टूल घेऊन. तासाभरात आम्ही सदऱ्याची बटणं लावली.

दुपारी शेठनं दार उघडलं, तर समोर लोटनची आई, ताईबाई. पोराची नोकरी जाणार हे रात्री गावी परतलेल्या माणसाकडून ऐकून पहिल्या गाडीनं आलेली, काखेत भाकरीचं फडकं. आत पाऊल टाकलं आणि थबकली. गार हवेत हात फिरवून लेकाला म्हणाली, "हाई बठ्ठं तूच करेल शे का, भाऊ?"

हे सगळं तूच केलंस का, असं ती अहिराणीत विचारत होती.

"त्यानंच, माय," शेठ दाराशी उभे राहून म्हणाले. "या, आत या लवकर. दार लावायचंय."