भांड्यांवरची जहाजं

वानखडे सर गेले, आणि ज्या विषयावर आम्ही तासन्‌तास भांडायचो त्यावर बोलायला अख्ख्या वऱ्हाडात मला आता एकही माणूस उरला नाही.

विषय ऐकून तुम्ही हसाल. हसा. आम्हाला सवय आहे.

नौदलाची मदतनीस जहाजं. युद्धनौकेला भर समुद्रात तेल देणारी, पिण्याचं पाणी पोचवणारी, बंद पडली तर ओढून आणणारी.

समुद्र इथून एका रात्रीच्या रेल्वेवर. आणि अकोल्याचे एक रिटायर्ड इतिहासाचे मास्तर आणि अमरावतीची मी, नांदगाव पेठच्या एका कापड कंपनीत अकाउंट्स बघणारी, रविवारी एसटीनं या जहाजांचा इतिहास शोधत फिरायचो.

आज सरांना जाऊन महिना झाला.

युद्धनौकांवर जाडजूड पुस्तकं आहेत. मदतनीस जहाजांना त्यात ‘व इतर जहाजे’ एवढीच जागा.

सरांनी जहाजांच्या नोंदणीची जुनी पुस्तकं वाचली, लायब्ररीत पेपरच्या फायली चाळल्या, ऑफिसांना अर्ज केले. जहाजाची लांबी मिळाली, वजन मिळालं, भंगारात कधी निघालं तेही मिळालं. त्यावरची माणसं काही मिळाली नाहीत.

मग त्यांनी भांडी धरली.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते त्यासाठीच. माझे बाबा नेव्हीत होते, असं कुणाकडून तरी कळलं होतं. बाबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सरांनी चहा घेतला आणि आईला विचारलं, घरात जुनी स्टीलची भांडी आहेत का.

आईला वाटलं हा मोडीत भांडी घेणारा मोडवाला आहे, शर्ट तेवढा बरा घातलाय.

“कावून पाहिजे तुमाले भांडे?”

“वाचाले,” सर म्हणाले.

आमचा तांदळाचा डबा त्यांनी खिडकीशी नेला. बाबांच्या लग्नात जहाजावरच्या मित्रांनी दिलेला. वर जहाजाचं नाव, खाली ‘सप्रेम भेट’ आणि देणाऱ्यांची नावं, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली.

जन्मभर मी त्या डब्यातून तांदूळ काढले, वाचलं कधीच नव्हतं. बाबा तिकडे कुणासोबत राहायचे हे मला त्या दिवशी कळलं. मी तिथंच सरांना चिकटले.

नावावरून गाव काढायचं. त्या गावच्या घरी दुसरं भांडं. त्यावर आणखी नावं.

“कागद फेकून देतेत लोकं,” सर म्हणायचे. “नावाचं भांडं कोणी फेकत नाही.”

फसलोही. बार्शीटाकळीत एका घरी जहाजाचं नाव घातलेली घागर सापडली. अख्खा पावसाळा आम्ही त्या घरच्या आजोबांचा नौदलातला काळ जुळवत बसलो. आजोबांना ऐकू कमी यायचं, ते सगळ्यालाच हो म्हणायचे. शेवटी त्यांच्या सुनेनं सांगितलं की मामंजी अकोल्याच्या पुढे कधी गेलेच नाहीत. घागर कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत बदलून आली होती.

पंगतीत भांडी बदलतात म्हणून तर लोक नावं घालतात. आम्हा दोन शहाण्यांना हे सुचलं नाही.

त्यानंतर सर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू घागर मीच बदलली होती. असे तापट होते.

हीच जहाजं का, हे मी फार उशिरा विचारलं.

त्यांचा मोठा भाऊ, देवराव, एका तेलाच्या जहाजावर होता. नोकरीत असतानाच आजारानं गेला. सर तेव्हा शाळेत होते. घरी एक पेटी आली, आत कपडे. गावात लोक विचारायचे, जहाजावर तेल विकत होता काय.

“भाऊ तिथं काय करे, कोणासोबत जेवे, मले काहीच माहीत नाही,” ते म्हणाले. “त्याले ओळखणारं एक माणूस भेटलं पाहिजे. बाकी इतिहास गेला चुलीत.”

ते माणूस भेटायच्या आत सरच गेले.

शोकसभेत सगळे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले. जहाजांचं नाव कुणी काढलं नाही. मीही उठले नाही. मी त्यांची ना विद्यार्थिनी ना नातेवाईक, काय म्हणून उभी राहू?

मागच्या रविवारी एकटी धामणगाव रेल्वे या गावी गेले. भेट सरांनीच ठरवून ठेवली होती. एक आजी, त्यांचे मालक नौदलात होते, कधीच वारले. मला नीट विचारता येईना. विचारायचं काम नेहमी सरांचं होतं, माझं लिहायचं.

आजींनी एक मोठी परात आणून दिली. मालकांच्या बदलीच्या वेळी जहाजावरच्या लोकांनी दिलेली. मी ती उजेडात धरून एकेक नाव वाचत गेले.

देवराव वानखडे.

मी विचारलं, हे आठवतात का तुम्हाला.

“देवराव? आमच्या क्वार्टरवर जेवाले ये ना तो. माह्या हातची भाकर लागे त्याले.” आजी म्हणाल्या. “सारखं लहान्या भावाचंच सांगे. लय हुशार हाय म्हणे, मास्तर होईन पाहजा.”

मी लिहून घेतलं. गाव, आजींचं नाव, त्यांचे शब्द जसेच्या तसे, सरांनी शिकवलं होतं तसं.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की हे सांगायला कुणीच नाही. घरी येऊन आईला सांगितलं. ती “बरं झालं” म्हणाली आणि कुकर लावायला गेली. तिचं काही चूक नाही.

फार एकटं वाटतंय. म्हणून इथे लिहिलं. तुमच्यातले बरेच जण सरांना ओळखतही नसतील.

सर, देवरावभाऊंना ओळखणारं माणूस भेटलं.

ते तिकडे तुमचंच बोलायचे.

एवढा एक महिना थांबायला हवं होतं तुम्ही.

शेवटचा नमस्कार, सर.