भाकरीवरची रेघ

गाव सोडलं त्या सकाळी अव्वानं, माझ्या आईनं, माझ्या कपाळाला चुलीतली राख लावली. घरातला विभूतीचा गोळा संपला होता आणि बहात्तरच्या त्या दुष्काळात दुसरा आणायला कुणी बाजाराला जात नव्हतं. राख थंडगार होती. आदल्या दिवशीही चूल एकदाच पेटली होती, सरकारी तांबड्या ज्वारीसाठी. अप्पा निलंग्याच्या स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. वाटेत एवढंच बोलले, "चूल एकच राहू दे. दोघांचं भागंना. तू जा, हितलं अण्णा बघंल."

अण्णा माझा थोरला भाऊ. कोण जाणार, हे मला कुणी विचारलं नाही. मी सतरा वर्षांचा होतो. एसटीत बसलो, कपाळावरची राख घामानं डोळ्यात उतरली आणि चुरचुरली. मी रडतोय असं शेजारच्या बाईला वाटलं. मी रडत नव्हतो.

नांदेडला एका ओतशाळेत लागलो. पाण्याच्या मोटारींची कवचं, गिरणीची चाकं, तवे, सगळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम. उस्ताद हैदराबादकडचे होते. माझा हातोडा जोरात पडला की म्हणायचे, "मियाँ, गुस्सा नको करो इसपे. लोहा मुडता, ये सीधा टूटता." पहिल्या वर्षी मी किती नग फोडले ते तेच जाणत. बीड हळू तापवायचं, त्याहून हळू निववायचं, सांधा लावला की राखेत पुरून ठेवायचं, हे मी तिथं शिकलो. भांडायला मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. भांडून मजुरी वाढवून घेतली, भांडून खोली मिळवली, लग्न ठरवतानाही सासऱ्याशी भांडलो.

अप्पा वारले तेव्हा गावी गेलो. दिवस झाल्यावर चार माणसं ओसरीवर बसली आणि शेताची गोष्ट निघाली. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्याची चूल नांदेडात. हितं चूल एकच हाय. ज्याची हितं चूलच न्हाई त्याला वाटा कसला?" माणसांनी माना डोलावल्या. मी ओरडलो, काय काय बोललो ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की अव्वा आत चुलीपाशी बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं, आणि ती काही बोलली नाही. मी पाणीही न पिता निघालो.

पुढं लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवी टेबलं, जुन्या बंगल्यांतलं सामान बाहेर. भंगाराला दिवस चांगले आलेत हे ओळखून मी बायकोला, महादेवीला, घेऊन लातुरात आलो आणि दुकान टाकलं. अशाच एका लिलावात ती दिसली. निजामाच्या काळातली, कुणा साहेबाच्या बंगल्यातली बिडाची चूल. कपाटाएवढी, पुढं लाकडं घालायचं झाकण, त्यावर इंग्रजी अक्षरं, वर अंगठ्याएवढी जाड पाटी. एक पाय तुटलेला.

उदगीरचा एक भंगारवाला म्हणाला, "हे काय हाय बे, साहेबाची समाधी?"

"समाधीच. आन् तडकलेली," मी म्हणालो. डावा तळवा पाटीवर घट्ट दाबला आणि उजव्या हातानं बुक्की मारली. भद्द आवाज आला. "ऐका. अखंड बीड असं वाजतंय व्हय?" हात काढला असता तर ती घंटेसारखी वाजली असती. मी हात काढलाच नाही. उदगीरवाला थुंकून पुढच्या ढिगाकडं गेला आणि चूल भंगाराच्या भावात मला मिळाली.

लोकांना वाटलं मी ती फोडून विकणार. मला ती हवी होती, कारण मला चूल हवी होती. कुणी मोजायला आलं तर दाखवता येईल अशी. आणि अव्वानं तिच्यापाशी येऊन बसावं, राहावं. बाकी काही नको होतं.

दोन महिने दुकान सांभाळून मी तिच्यामागं होतो. रॉकेल आणि विटेच्या तुकड्यानं गंज घासला. उरलेल्या तिनांतल्या एका पायावरून साचा करून नांदेडहून चौथा पाय ओतून आणला. आतून पांढरी माती लिंपली. महादेवी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"दिसायला चांगली हाय," ती म्हणाली. "पण भाकर कुठं फुगवू? ह्या बयेचं तोंडच मिटलेलं. साहेब काय पाव खात व्हते."

खरं होतं. आपली भाकरी तव्यावर अर्धी होते, उरलेली आरापाशी, निखाऱ्याला टेकून उभी राहते तेव्हा. मी झाकण उतरवलं, खालचा उंबरा कापला आणि पुढं हातभर ओठ बसवला, निखारे ओढून घ्यायला. वरची पाटी उजळवून तिचाच तवा केला. पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा महादेवी हसली. मी त्याच आठवड्यात गावाकडं निरोप धाडला.

अव्वा आली. चुलीभोवती एक फेरी मारली, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं, मग बसली आणि भाकरी थापायला घेतली. पाच केल्या. सहावी आरापाशी टेकवली आणि म्हणाली, "झ्याक केलीस. दुपारच्या गाडीनं निघते मी."

"कुठं निघालीस? ऱ्हा की हितंच."

"तितली चूल कोण लावंल?"

इतकी वर्षं गिळलेलं बाहेर आलं. "अण्णानं चार माणसांत मला हाकललं, तवा तू गप का बसलीस?"

तिनं हाताचं पीठ झाडलं. "एकाला धाडायचं, हे तुझ्या अप्पाचं. तुला धाडायचं, हे माझं. अण्णाला कुणी बी फशिवलं असतं. तू कुठं बी भांडून खाशील म्हणलं. मग कुण्या तोंडानं बोलू?"

शेजारी पाण्याचा तांब्या होता. मी तो पाण्यासकट तापलेल्या पाटीवर फेकला. टण्ण आवाज झाला आणि पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. वाफ वर गेली. हे होणार हे लातुरात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

अव्वानं आधी आरापाशी टेकवलेली भाकरी उचलली, तिच्यावरची ओली राख झटकली. ती दुपारच्याच गाडीनं गेली. पुन्हा आली नाही. दोन वर्षांनी वारली तेव्हा मी गावी जाऊन आलो, खांदा दिला, कुणाशी भांडलो नाही. भांडायला आत काही सापडलं नाही.

पाटी मी सांधली. तापवली, बिडाचीच कांडी वितळवून तडा भरला आणि दीड दिवस राखेत पुरून ठेवली. सांधा पक्का आहे, पण तिथं पाटी नीट तापत नाही. आमच्या घरच्या प्रत्येक भाकरीवर एक फिकट रेघ उठते. माझ्या मुलांना भाकरी अशीच असते असं वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा आला, नातीच्या क्लासची चौकशी करायला. जेवायला बसला. भाकरी उलटून रेघेकडं बघत राहिला.

"तव्याला डाग हाय व्हय?"

"हाय."

त्यानं तुकडा मोडला. "आमच्याकडं आता गॅस. सुनांनी अव्वाची चूल मोडली. तितं फ्रीज ठिवलाय." दुसरा तुकडा कालवणात बुडवला. मग म्हणाला, "आता चूल काय ती तुझ्याकडंच."

हे वाक्य चार माणसांत ऐकायला मी अर्धं आयुष्य थांबलो होतो. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, आणि मला काहीच झालं नाही. तुम्ही मागं राहिला असाल, तर तुम्हाला हे पटणार नाही. माझ्यासारखे निघून गेला असाल, तर कदाचित पटेल. घर कुठं आहे हे शेवटी कुणीतरी सांगतं, तोवर ते विचारणारं आपल्या आतच कुणी राहिलेलं नसतं.

आरापाशी एक भाकरी उभी होती. मी ती उचलली, राख झटकली आणि त्याच्या ताटात वाढली.