टोरांटो ते हैदराबाद, पंधरा तास

अप्पा गेले ते वैशाखात, सकाळी आठ वाजता. त्या वर्षी उदगीरजवळच्या आमच्या गावाला टँकरही चार दिवसांआड यायचा. धाकटा भाऊ टोरांटोत होता. त्याला फोन मीच केला. बराच वेळ तो नुसता रडला. मग म्हणाला, "निघतो मी. अक्का, तोवर अप्पांचं तोंड तरी दाव एकदा."

"फोनवर कशाला? येतोच आहेस तर डोळ्यानं बघ."

कारण मी आधीच मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकून पाहिलं होतं. टोरांटो ते हैदराबाद, जवळजवळ तेरा हजार किलोमीटर, विमानाचे पंधरा तास. पुढे गाडीनं चार-पाच. जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता, पण शाळेत भूगोल शिकवणारी बाई म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं. उद्या पहाटे पोचतो, असं मी ठणकावून सांगितलं.

आमच्यात मयताला बसवतात आणि बसवूनच पुरतात. अप्पांना भिंतीला टेकून बसवलं, कपाळभर विभूती लावली, हार घातला. दुपारी नेणार होते, ते माझ्या शब्दावर थांबले. बर्फाला माणूस पाठवला, तर पाण्यावाचून बर्फाचा कारखानाच बंद. मयत ठेवायची थंड पेटी लातूरला, तीही दुसऱ्या कुणाच्या दारी गेलेली. मांडवातली माणसं म्हणाली, उदगीर जिल्हा झाला असता तर पेटी इथंच मिळाली असती. अप्पांना समोर बसवून त्यांचं जिल्ह्याच्या मागणीचं जुनं पुराण सुरू झालं, तसा मला संताप आला.

चार वाजता भावानं तिकिटाचा फोटो पाठवला. सरळ विमान नव्हतंच. त्याचं विमान अजून सुटायचं होतं, मधे आखातात अकरा तास बसून राहायचं होतं, आणि तो पोचणार होता परवा सकाळी. माझे पंधरा तास नकाशावरच्या सरळ रेघेचे होते.

अप्पांकडे पाहिलं. उन्हाच्या तापानं चेहरा सुजला होता, ओठ काळे पडले होते. विधीला आलेले स्वामी हळूच म्हणाले, "माय, आता न्हाई थांबता यायचं." अव्वानं, माझ्या आईनं, माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

शेतात अप्पांना खड्ड्यात बसवलं आणि माझ्या हातातला फोन वाजला. भावाचा व्हिडिओ कॉल. अप्पांचं तोंड अजून मातीआड गेलं नव्हतं, पण ते त्याला दाखवायची माझी छाती झाली नाही. मी फोन कापला. सकाळी तेच तोंड गाढ झोपल्यासारखं शांत होतं, आणि तेव्हा मीच नको म्हटलं होतं. ही गोष्ट मला अजून खाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो थेट शेतातच. मातीला हात लावून उठला आणि म्हणाला, फोन का उचलला नाहीस?

"इथं रेंज न्हाई," मी म्हणाले.

"अप्पा कसे दिसत होते?"

"झोपल्यावानी."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. टोरांटोहून त्याच्या बायकोचा होता. "पोचलो," तो तिला म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.