दुसऱ्यांदा तापलेली काच

"ग्राफ ठीक आहे. सही करा," साहेब म्हणाले.

मी केली नाही. समोर आठ दिव्यांचे आकडे होते. सात एका रेषेत, पाच नंबर खाली घसरलेला. हे दिवे उपग्रहातल्या अणुघड्याळांत बसणार होते.

दिवा म्हणजे बोटाच्या पेराएवढा काचेचा बल्ब. आत रुबिडियम नावाच्या धातूचा कण. त्याच्या उजेडावर घड्याळ वेळ पक्की धरतं. पण काच हा धातू पीत जाते. आधी भरभर, मग सावकाश. संपला की दिवा विझतो, आणि तो बदलायला वर कोणी जात नाही. रुबिडियम आमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यात झाडाखालीही वितळेल. वितळताना तो किती उष्णता घेतो ते मोजलं, की बल्ब न फोडता आत किती उरलाय ते कळतं. त्यावरून दिवा किती वर्षं टिकेल, हा अंदाज बांधणं माझं काम.

"पाच नंबर काढा, सात पाठवा," साहेब म्हणाले.

"तो जास्त का पितोय हे कळल्याशिवाय सातांची हमी कशी देऊ?"

"दोन दिवस देतो. जास्त नाही."

बल्ब चंद्रपूरलाच फुंकले जात, युसूफभाईंच्या वर्कशॉपमध्ये. मी त्याच जिल्ह्यातल्या सावली गावची, त्यामुळे आमचं बोलणं घरच्यासारखं. मी पाच नंबर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरला. मग अगदी डोळ्याला लावला.

"युसूफभाई, हा काऊन जास्त खाऊन राह्यला?"

त्यांनी आधी बर्नर बंद केला.

"बाई, याच्या बुडाले बारीक छेद होता. तो बुजवाले मी दुसऱ्यांदा आगीवर घेतला."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"मोतीबिंदू हाये. छेद मले पह्यले दिसलाच नाई. सांगतलं असतं त काम गेलं असतं."

दुसऱ्यांदा तापलेली काच बदलते, जास्त पिते. कारण सापडलं. मी निघाले.

"थांबा बाई. दोन नंबरलेही घेतलं होतं."

दोन नंबरचा ग्राफ सरळ होता. मी त्याबद्दल विचारलंही नव्हतं.

"रिपोर्टात माझं नाव येईन?"

"लिवा लागते, युसूफभाई."

"लिवा," ते म्हणाले, आणि बल्ब कापसात गुंडाळून दिला.

मी लिहिलं. दोन नंबर माझ्या मोजणीत सापडला नव्हता, हेही लिहिलं. दोन्ही दिवे बाद झाले, पाठवणी लांबली, साहेब आठवडाभर धड बोलले नाहीत. दोन नंबर आम्ही लॅबमध्ये पेटता ठेवला. काही महिन्यांत तोही रेषेखाली उतरला. तो ग्राफ मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उतरत्या रेषेवरून बोट फिरवलं.

"युसूफभाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?"

"झालं, सर."

"मग पुढचे बल्ब त्यांच्याकडेच द्या."

आता बल्बसोबतच्या फॉर्मवर एक नवा रकाना आहे: 'पुन्हा तापवला का? हो/नाही.' 'हो' लिहिणाऱ्यावर कोणी ओरडायचं नाही, हे मात्र फॉर्मवर छापता येत नाही. ते आम्हालाच लक्षात ठेवावं लागतं.