न धुतलेली भाजी

"धुतली तं मेली, समजलं?"

हरभऱ्याची कोवळी भाजी हातात देताना शेजारच्या काकू दरवर्षी हेच बजावायच्या. पानावरची आंबट आंब पाण्यानं निघून जाते, मग उरतो नुसता पाला. हे काय मला ठाऊक नव्हतं? मी जन्माची वऱ्हाडी! पण काकूंचा विश्वास ना माझ्यावर, ना अमरावतीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीवर.

त्यांचं शेत दर्यापूरकडे. थंडी पडली, हरभरा वीतभर झाला, की फुलं यायच्या आत शेंडे खुडायला त्या आम्हा बायांना जीपमध्ये कोंबून न्यायच्या. खुडून झालं की हुकूम सुटायचा, "बोटं दाखवा!" जिची बोटं हिरवी नाहीत तिनं नुसत्या गप्पा हाणल्या, असा सरळ हिशोब. मग तिथंच बांधावर घोळाना. चिरलेली कच्ची भाजी, कांदा, हिरवी मिरची, मीठ, वरून कच्चं तेल आणि सोबत ज्वारीची भाकर. खाऊ घालून आपल्या तोंडाकडे बघत बसणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. काकू "कसा झाला?" विचारायच्या आणि घास गिळायच्या आत स्वतःच "मस्तच झाला" म्हणून मोकळ्या.

एका वर्षी ऐन हंगामात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शेताचं नावही काढू दिलं नाही. काकू जेवणावर रुसल्या. "गोळ्याच खाऊन राहिली मी. एक डाव घोळाना भेटला असता तं कवाच बरी झाली असती." तिकडे हरभऱ्याला तुरळक फुलं दिसायला लागली होती. फुलं आली की खुडणं बंद, मग थेट पुढचा हिवाळा. आम्ही बायांनी दुसऱ्याच दिवशी शेत गाठलं. सगळ्यांची मिळून एक मोठी पिशवी भरली, ती मी आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली आणि काकूंना अंगणात आणून बसवायला गेले.

आता आमचे हे. मूळचे साताऱ्याचे. एरवी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत, पण त्या दिवशी अंगात काय संचारलं देव जाणे. परत येऊन बघते तर पिशवी रिकामी आणि भाजी चाळणीत निथळतेय.

"चांगली दोन-तीन पाण्यांतून काढली," हे म्हणाले. "केवढी माती होती गं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण करते काय? तशीच चिरली. बाहेर गल्ली भाकरी घेऊन ताटकळत होती. काकूंनी घास घेतला, चावला आणि थांबल्या.

"अवो माय, कोनं धुतली हे?"

सगळ्या बायांनी यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा अगदी बघण्यासारखा झाला होता.

काकूंनी माझा हात ओढला. "तुवा हात धुतले काय?"

"नाही."

त्यांनी माझं हिरवं बोट सरळ तोंडात घातलं, तान्ह्या मुलासारखं, आणि डोळे मिटले. "हे! हेच पायजे होतं मले." मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. मग काय, सगळ्याच बाया हात पुढे करून उभ्या, माझं घ्या, माझं घ्या! काकूंना हसताहसता ठसका लागला.

ठसका थांबल्यावर त्या यांच्याकडे वळल्या. "जावईबापू, उद्या पहाटे तुमी जा. एकटे."

हे गेले बिचारे. दवात खुडलं की आंब पायांना झोंबते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पाय चुरचुरत, पँट भिजवून आले, पण पिशवी भरून आणली, मातीसकट. काकूंनी पोटभर खाल्लं आणि म्हणाल्या, "आता झाले तुमी वऱ्हाडी."

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. यंदा थंडी पडली तरी गल्लीत जीपचा विषय कोणी काढेना. एका पहाटे जाग आली तर हे घरात नाहीत. ऊन वर चढल्यावर आले, पिशवी घेऊन. दारोदार भाजी वाटली, प्रत्येकाला "धुवायची नाही बरं का" म्हणून दम भरला. काकूंच्या कुलूप लावलेल्या दाराशी जरा वेळ थांबले. मग घरी येऊन माझ्यासमोर दोन्ही हात धरले.

"बोटं बघ," म्हणाले.

हिरवीगार होती.